सिस्टरांनी घर सोडवलं

सुमित्रा सिस्टरांशी बोलायचं असेल तर आधी मनगट पुढं करावं लागे. या, बसा, चहा घ्या, हे सगळं त्यानंतर. दारात आलेला माणूस पाहुणा असो, विजेचं बिल देणारा असो की गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं असोत, बाई त्याचं मनगट चिमटीत धरत, नजर घड्याळाकडे लावत आणि ओठ हलवत ठोके मोजत. मोजून झालं की खालची पापणी ओढून डोळा बघत, मग हात सोडत आणि म्हणत, "हं, बोला आता."

वर्गणीची पोरं एकदा तोंडं पाडून आमच्याकडे आली. सिस्टरबाईंनी वर्गणी दिली नाही, वर त्यांच्या अध्यक्षालाच दवाखान्यात यायला सांगितलंय, अशी त्यांची तक्रार होती. अध्यक्षाला कावीळ निघाली. त्या वर्षी आरतीला तो लांब खुर्चीत बसून असे आणि सिस्टर रोज येऊन त्याच्या हातातला पेढा काढून घेत.

आम्ही अंबाजोगाईत गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत राहायला आलो ते नव्वदीच्या सुरुवातीच्या वर्षांत. मी शाळेत गणित शिकवायचो. सगळी घरं एकाच नकाशाची, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं हौद. सगळी कर्जावर घेतलेली. आमच्या आणि सिस्टरांच्या घरामध्ये एकच भिंत होती. सिस्टर सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाच्या इनचार्ज होत्या. तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढं असतील. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. घरात आल्यावरही तो आवाज लहान होत नसे.

त्यांचा आवडता शब्द म्हणजे "कावून?" आमच्या भागात 'का' असं नुसतं विचारत नाहीत, 'कावून' विचारतात. पण सिस्टरांचा कावून वेगळाच होता. डॉक्टरांनी औषध बदललं की कावून, दूधवाला उशिरा आला की कावून, माझ्या बायकोनं नवी साडी नेसली की तिलाही कावून. उत्तर पटलं तर "बरं" म्हणत, नाही पटलं तर काहीच न बोलता निघून जात. ते जाणं जास्त लागे.

आणि आपल्या घराला त्या कधी आपलं घर म्हणत नसत. नळ गळायला लागला की "सर, बँकेचा नळ गळतोय" आणि पत्रा वाजायला लागला की "बँकेचा पत्रा उडाया लागलाय." माझी बायको एकदा म्हणाली, सिस्टर, हप्ता तर तुम्ही भरता. त्यावर त्या म्हणाल्या, भाडेकरू पन भाडं भरतोच की.

त्या घरात सिस्टरांबरोबर त्यांची सासू राहायची. सिस्टर तिला आत्याबाई म्हणत, म्हणून सगळी वसाहत आत्याबाईच म्हणे. म्हातारी सत्तरीची, वाळक्या काटकीसारखी, पण जिभेला धार. तिला रक्तदाबाचा त्रास होता आणि सिस्टरांनी तिचं मीठ तोडलं होतं. त्यावरून त्या घरात रोज लढाई होई. सिस्टर ड्यूटीवर गेल्या की म्हातारी मागच्या बुटक्या भिंतीपाशी येऊन माझ्या बायकोकडून लोणच्याची फोड मागून घ्यायची. संध्याकाळी सिस्टर आल्या की आधी तिचे हात हुंगत.

"लोनचं खाल्लं तुमी."

"न्हाई खाल्लं. नुसतं बघितलं."

"बघितल्यानं बोटाला तेल लागतं व्हय?"

मग तासभर चाले. म्हातारी म्हणे, माझ्या मरणावर टपलीय. सिस्टर म्हणत, मराया मीठच कशाला पाहिजे, दुसरं पुष्कळ हाय. भिंत पातळ होती. आम्हाला रेडिओ लावायची गरज पडत नसे. वसाहतीत नवीन आलेल्यांना वाटे, या दोघींपैकी एक जण लवकरच घर सोडून जाणार.

सिस्टरांची हकीकत मला बायकोकडून कळली. माहेर शिरूर कासारकडचं, सासर युसूफ वडगावच्या बाजूला एका खेड्यात. लग्नानंतर चार-पाच वर्षं मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी बायको केली. सोडचिठ्ठी वगैरे काही नाही, एका सकाळी सासूनंच हिचं गाठोडं ओट्यावर आणून ठेवलं. बापानं पोरीला घरी बसवून न ठेवता अंबाजोगाईला नर्सिंगच्या शिक्षणाला घातलं. त्यानंतर वीसेक वर्षं सासरचं कुणी दिसलं नाही.

मग एकदा युसूफ वडगावला डोळ्यांचं शिबिर झालं. मोतीबिंदूच्या म्हाताऱ्या माणसांना गाडीत घालून अंबाजोगाईला आणलं. त्या दिवसांत सिस्टरांची ड्यूटी डोळ्यांच्या वॉर्डात होती. एका म्हातारीची नाडी मोजता मोजता त्यांनी तिच्या मनगटावरचं गोंदण बघितलं आणि ओळखलं. म्हातारीला दिसत नव्हतं. ती या नव्या बाईला तोंड भरून आशीर्वाद देत राहिली, तुझ्या हाताला गुण हाय गं बाई, तुझी कूस उजवू दे म्हणाली. सिस्टरांनी नाडीचा आकडा लिहून घेतला. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, समोर सून.

म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तू व्हय?"

"मीच," सिस्टर म्हणाल्या. "डोळा चोळू नका."

बाकीच्यांचे लोक आले, आपापली माणसं घेऊन गेले. आत्याबाईंना न्यायला कुणी आलं नाही. सिस्टरांनी गावी निरोप धाडला. निरोप नेणाऱ्यानं येऊन सांगितलं, पोरगा म्हणतो, राहू द्या तिथंच काही दिवस. गावातल्या बायकांनी निरोप्याला हेही सांगितलं होतं की म्हातारी गोठ्याच्या कडेला राहते आणि दुसरी सून, सिस्टरांची सवत, तिला सारखी इथून ऊठ, तिथून ऊठ करते. सिस्टर तिला आपल्या क्वार्टरमध्ये घेऊन गेल्या. पण नर्सेसच्या क्वार्टरमध्ये बाहेरचं माणूस ठेवायला परवानगी नव्हती. मेट्रननं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा लेखी दिलं. म्हणून सिस्टरांनी कर्ज काढून हे घर घेतलं.

ज्या सासूनं गाठोडं बाहेर ठेवलं तिला का आणलं, असं माझ्या बायकोनं एकदा धीर करून विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "कुनी न्यायला आलं न्हाई." जणू एसटीत विसरलेली पिशवी होती.

काही वर्षं अशी गेली. तो काळ मोठा विलक्षण होता. गावात काचेच्या दारांच्या वित्तसंस्था निघाल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे एसटीडी बूथ आले, शाळेच्या स्टाफरूममध्ये शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे शेअरवर बोलू लागले. अशात एका रविवारी सिस्टर आमच्याकडे आल्या, माझी नाडी बघितली आणि म्हणाल्या की त्यांच्या पोस्टातल्या बचतपत्रांची मुदत जवळ आलीय. ती रक्कम आणि पतसंस्थेतली ठेव एकत्र केली तर घराचं सगळं कर्ज फिटतंय. भरून टाकावं का?

मी कागद घेऊन बसलो. हिशोब अवघड नव्हता. बँक त्यांच्याकडून जे व्याज घेत होती ते पोस्टाच्या व्याजापेक्षा जास्त होतं. त्या अर्थी फेडणं फायद्याचं. पण सगळं भरलं तर हात रिकामा राहतो, आणि घरात म्हातारं माणूस आहे. म्हणून मी सांगितलं, अर्धं भरा, हप्ते कमी होतील, अर्धं हाताशी ठेवा.

सिस्टरांनी तीनदा कावून विचारलं, मी तीनदा समजावलं. शेवटी "बरं" म्हणाल्या. म्हणजे पटलं होतं. पण उठल्या नाहीत. जरा वेळानं त्यांनी विचारलं, हप्ते चालू असताना त्या मेल्या तर घराचं काय होईल. मी म्हणालो, वारस हप्ते भरतील, नाहीतर बँक घर विकून आपले पैसे घेईल.

"वारस म्हंजे कोन?"

कागदोपत्री त्यांचा नवरा अजून नवराच होता. सिस्टर कागदाची घडी करून घेऊन गेल्या.

त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडला. औषध भांडारातले भालेराव त्यांना म्हणाले, सिस्टर, कर्ज फेडण्यात शहाणपण नाही, शेअरमध्ये घाला, आता देश खुला झालाय. सिस्टर म्हणाल्या, खुला झाला तर दार लावायचं कुनी? भालेरावांनी हे पुढं महिनाभर सगळ्या दवाखान्याला सांगितलं. शिरूरहून भाऊ आला. त्याच्या मुलाला कुठल्या तरी इंजिनिअरिंग कॉलेजात डोनेशन भरायचं होतं. तो म्हणाला, अक्का, घर कुठं पळून जातंय, तुला मागंपुढं कोण हाय, हा पोरगाच हाय की. सिस्टरांनी त्याला जेवू घातलं, त्याची नाडी बघितली, बिडी सोड म्हणून सांगितलं आणि जाताना पोराच्या पुस्तकांपुरते पैसे दिले. तो रागावून गेला. आत्याबाईंनीही आपलं मत दिलं. त्यांचं म्हणणं, त्या पैशाचं सोनं करावं. एवढी नोकरी करून हातात नुसत्या दोन पाटल्या, लोक काय म्हणतील.

सिस्टर महिन्यामागून महिने नुसत्या ऐकत होत्या. प्रत्येक गोष्टीवर कावून विचारणारी बाई या एका गोष्टीत काही ठरवत नाही, याचं मला नवल वाटे.

मग आमच्या ओळीत शेवटच्या घरात राहणारे तांदळे तलाठी गेले. धट्टाकट्टा माणूस, चाळिशीही पुरी झाली नव्हती. केजहून मोटारसायकलवर येताना ट्रकनं उडवलं. दवाखान्यात आणलं तेव्हा सिस्टर तिथंच होत्या. पुढं वर्षभर त्यांच्या बायकोनं हप्ते भरायचा प्रयत्न केला. बँकेतली माणसं वाईट नव्हती, त्यांनी मुदत दिली, पुन्हा दिली. शेवटी तिनं घर विकलं, कर्ज भरलं आणि सासू-सासऱ्यांना घेऊन गावी जायला निघाली. दारात टेम्पो उभा होता. सामान चढलं, पण तांदळ्यांची म्हातारी आई ओसरीवरून उठेना. नव्या मालकाची माणसं आली होती. त्यातला एक जण अगदी नम्रपणे, पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आजी, उठा आता."

सिस्टर रस्त्याच्या कडेला उभ्या राहून ते बघत होत्या. वसाहतीतल्या बायका रडत होत्या. सिस्टर रडल्या नाहीत. पुढं होऊन त्यांनी त्या म्हातारीला काखेत हात घालून उठवलं, वॉर्डात उठवतात तसं, आणि टेम्पोत बसवलं. मग ड्यूटीवर गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. त्यांनी रजा टाकलेली मी तोवर ऐकली नव्हती. मला म्हणाल्या, सर, बँकेत चला. पतसंस्थेतली ठेव मुदतीआधीच मोडून आणली होती, व्याज बुडालं होतं. मी वाटेत पुन्हा अर्ध्याचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "तुमचं गनित बरोबर हाय सर. मी मोडते हाय ते."

बँकेतले साहेब गोंधळले. हप्ता एकदाही न चुकवलेली बाई, एवढी घाई कशाला, असं ते म्हणाले. "कावून? पैसे नको का तुमाला?" असं विचारून सिस्टरांनी टेबलावरून हात लांबवला आणि त्यांचं मनगट धरलं. सगळी बँक थांबली. मोजून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, साखर तपासून घ्या. साहेबांनी मुकाट्यानं पावती केली. पुढं आठ-पंधरा दिवसांनी तारण ठेवलेले घराचे कागद परत मिळाले.

आणि माझ्या मनात ज्याची भीती होती तेच झालं. त्याच वर्षी हिवाळ्यात आत्याबाई न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला. दवाखाना सरकारी, ऑपरेशनला पैसे पडणार नव्हते, पण आत बसवायचं सामान बाहेरून आणायचं होतं, लातूरहून. त्याची किंमत ऐकून मी बायकोकडे बघितलं. आम्ही मिळून काही रक्कम द्यायचं ठरवलं आणि सिस्टरांकडे गेलो. त्यांनी ती घेतली नाही. हातात पाटल्या नव्हत्या. सकाळीच सराफाकडं जाऊन आल्या होत्या. मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "अर्धे ठेवले असते तर ही येळ आली नसती. तुमी सांगितलं व्हतं." आवाजात ना लाज होती ना पश्चात्ताप. जे होतं ते सांगितलं.

आत्याबाईंना मात्र पाटल्यांचं कुणी सांगितलं नाही. त्या पलंगावर पडून विचारत, हात कावून भुंडे गं तुझे? सिस्टर म्हणत, वॉर्डात घालू देत न्हाईत, नवा नियम निघालाय. मग म्हातारी सरकारला शिव्या देत बसे.

म्हातारी वॉकर धरून दारापर्यंत यायला लागली तेव्हा एक दिवस सिस्टर मला म्हणाल्या, वकिलाकडं यायचंय, साक्षीदार लागतो. त्यांना मृत्युपत्र करायचं होतं. घर आत्याबाईंच्या नावे.

वकील तरुण होता, हुशार होता. त्यानं सगळं नीट लिहून घेतलं आणि ज्यांच्या नावे घर करायचं त्यांचं वय विचारलं. सिस्टर म्हणाल्या, पंचाहत्तरी गाठली असंल. वकिलानं पेन खाली ठेवलं. तो हसला नाही, पण त्याला हसू आवरावं लागलं हे दिसत होतं. त्यानं समजावलं की मृत्युपत्र सहसा आपल्यापेक्षा लहान माणसाच्या नावे करतात. आणि समजा घर सासूबाईंना मिळालंच, तर त्यांच्यामागं ते त्यांच्या मुलाला जाणार. म्हणजे ज्यानं तुम्हाला टाकलं त्यालाच.

"जाऊ द्या," सिस्टर म्हणाल्या. "पोटचा हाय त्यांच्या. त्यांनी कुनाला द्यावं ते त्यांचं त्या बघतील. त्या जित्या हायेत तवर त्यांना ऊठ म्हनायला कुनी येऊ नये. एवढं लिहा."

"आणि त्या तुमच्या आधी गेल्या तर?" वकिलानं विचारलं. "मग कुणाला, तेही लिहावं लागेल."

सिस्टर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग घर घेऊन मी काय करू? लिहा कुनाचंबी."

वकिलानं माझ्याकडे बघितलं. मी सुचवलं, भावाचा मुलगा आहे. सिस्टरांनी मान डोलावली. त्याचं नाव लिहिलं गेलं. सही करून आम्ही बाहेर पडलो. वाटेत त्यांनी आत्याबाईंसाठी पेरू घेतले, मऊ बघून, एकेक दाबून. घरी पोचल्या आणि पाचच मिनिटांत भिंतीपलीकडून भांडण ऐकू आलं. पेरूला मीठ लावून पाहिजे, असं म्हातारीचं म्हणणं होतं.

आत्याबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. गेल्या त्या त्याच घरात, आपल्या पलंगावर, दुपारच्या झोपेत. मुलाला कळवलं होतं. तो आला, विधी केले, घराकडे एकदा मान वर करून बघितलं आणि संध्याकाळच्या एसटीनं गेला. सिस्टरांनी सगळं व्यवस्थित केलं. आल्यागेल्याला चहा, भटजींची दक्षिणा, मांडववाल्याचे पैसे. चौदावा झाल्यावर त्या ड्यूटीवर रुजू झाल्या. वॉर्डातला आवाज तसाच होता, असं भालेरावांनी सांगितलं.

मला वाटलं, बाई घट्ट आहे, निभावून नेईल.

एक दिवस मी शाळेतून आलो तर बायको ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. फाटकाशी सिस्टर उभ्या होत्या. ड्यूटीवरून नुकत्याच आलेल्या, पर्स खांद्याला तशीच. घराचं कुलूप काढलेलं दिसत होतं, दार अर्धं उघडं होतं, पण त्या आत गेलेल्या नव्हत्या. आमच्याकडे त्या कधी विचारून आल्या नव्हत्या. यायच्या, मनगट धरायच्या, चुलीवरचं झाकण उघडून बघायच्या. त्या दिवशी फाटकाच्या बाहेर उभ्या राहून माझ्या बायकोला म्हणाल्या,

"वैनी, इथं बसू का जरा?"

बायकोनं सूप बाजूला सरकवून जागा केली. काय झालं, असं विचारायला तिनं तोंड उघडलं, तेव्हा सिस्टर बसता बसता म्हणाल्या, "काई न्हाई. तुमी निवडा तुमचे तांदूळ. मी नुसती बसते."